औषधाचा रास्त भाव

बाजारांत जाणाऱ्या माणसांचे दोन वर्ग पाडतां येतील. भाव पटला नाहीं तर पाठ फिरवून घरीं येऊं शकणाऱ्यांचा एक, आणि ज्यांना पाठ फिरवितां येत नाहीं अशांचा दुसरा. साडी महाग वाटली तर गृहिणी जुन्यावरच दिवाळी साजरी करील. आंबे महागले तर एखादें वर्ष आपण रसावांचून काढूं. परंतु तापानें फणफणलेल्या मुलाचा बाप औषधाच्या दुकानांत उभा राहतो तेव्हां तो घासाघीस करीत नाहीं. कोणतें औषध घ्यावयाचें हें त्यानें ठरविलेलें नसतें. तें डॉक्टरांनीं ठरविलेलें असतें. किती घ्यावयाचें आणि केव्हां घ्यावयाचें हेंहि त्याच्या हातीं नाहीं. पैसे मोजण्यापुरताच काय तो त्याचा या व्यवहाराशीं संबंध. अशा व्यवहारास खरेदी म्हणावें काय? आणि मागितलेली किंमत देणाऱ्यानें मुकाट्यानें दिली, एवढ्यावरून ती न्याय्य ठरते काय? हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे तितकाच नीतिशास्त्राचाहि आहे. आणि सरकारनें औषधांचे भाव ठरवावे कीं नाहीं, या वादाचें मूळहि येथेंच आहे.

या वादांत मी तटस्थ नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. दोन वेळां या प्रश्नाशीं माझी घरच्या घरींच गांठ पडली, आणि दोन्ही वेळां निघालेले निष्कर्ष एकमेकांच्या अगदीं उलट होते.

नोव्हेंबर २०१६ मध्यें माझ्या थोरल्या बंधूंच्या हृदयाच्या धमनींत स्टेंट बसवावा लागला. स्टेंट म्हणजे अरुंद झालेली धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी. बंधूंना आंत नेण्यापूर्वीं रुग्णालयांतील एका तरुण गृहस्थानें तीन किंमतींचे तीन प्रकार माझ्यापुढें मांडले आणि “सर, यांतला कोणता घालायचा?” असें विचारलें. जन्मभर इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसास त्या तिहींतला भेद काय कळणार? मीं सर्वांत महाग प्रकाराकडे बोट दाखविलें. स्वस्त घेतला आणि कांहीं बरेंवाईट झालें, तर पुढें स्वतःच्या तोंडाकडे पाहतां येणार नाहीं, एवढीच त्या निवडीमागील विद्या! त्या एका जाळीचे एक लाखावर रुपये झाले. पुढें तीन महिन्यांच्या आंतच, फेब्रुवारी २०१७ मध्यें, राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणानें औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवून दिली. प्राधिकरणानें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांवरून असें दिसून आलें कीं, कारखानदार, आयातदार, वितरक आणि रुग्णालय या साखळींत नफ्याचा सर्वांत मोठा घांस रुग्णालयेंच घेत होतीं. म्हणजे मीं जें मोजलें त्यांत जाळीचें मोल थोडें आणि माझ्या भीतीचें फार होतें. त्या दिवसापासून मी किंमत-नियंत्रणाचा कट्टा पुरस्कर्ता झालों.

दुसऱ्या हकीकतीचा आरंभ बराच मागचा आहे. १९८४ सालीं माझ्या धाकट्या बहिणीस ऱ्हुमॅटिक ताप आला. घशाच्या साध्या दुखण्यांतून उद्भवणारा हा रोग दाटीवाटीच्या वस्त्यांतील मुलांना अधिक गांठतो. सुजलेले सांधे कांहीं दिवसांनीं बरे होतात, पण हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडूं शकतात. तो उलटूं नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचें इंजेक्शन दर तीन आठवड्यांनीं, वर्षानुवर्षें घ्यावें लागतें. आई भिंतीवरच्या कालनिर्णयांत दर एकविसाव्या दिवसाभोंवतीं शाईचें वर्तुळ करून ठेवी. पुण्याहून मुंबईस आजोळीं जातांना आमची एस.टी. पिंपरीवरून जाऊं लागली कीं ती खिडकींतून हात जोडीत असे. तेथें देऊळ नव्हतें. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५४ सालीं उभारलेल्या या सरकारी कारखान्यांत पेनिसिलिन तयार होतें, एवढेंच तिला ठाऊक होतें, आणि नमस्कारास तेवढें पुरेसें होतें.

२०१७ च्या पावसाळ्यांत आमच्याकडे कामास येणाऱ्या मावशींच्या नातवास तोच रोग झाला आणि डॉक्टरांनीं तेंच इंजेक्शन लिहून दिलें. मी निर्धास्त होतों. इतकें जुनें, इतकें स्वस्त औषध. तें न मिळण्यासारखें काय आहे? मावशी सहा दुकानें फिरून रिकाम्या हातानें आल्या. मग मी स्वतः गेलों. ओळखीचा दुकानदार म्हणाला, “सर, मालच येत नाहीं. या भावांत कंपन्यांना परवडत नाहीं म्हणतात.” ज्या वर्षीं सरकारच्या हुकुमानें स्टेंट स्वस्त झाले त्याच वर्षीं सरकारच्या हुकुमानें स्वस्त राहिलेलें हें औषध त्या मुलास मिळेनासें झालें. माझ्या कट्टेपणास पहिला तडा गेला तो त्या दुकानाच्या पायरीवर.

आतां या हुकुमाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. आपल्या देशांत औषधांच्या किंमतींवर सरकारी अंकुश आला तो १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या सुमारास. १९६३ मध्यें किंमती गोठविण्यांत आल्या. १९७० पासून जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखालीं रीतसर आदेश निघूं लागले. १९७९ च्या आदेशाखालीं ३४७ औषधें होतीं. १९८७ मध्यें तीं १४२ वर आणि १९९५ मध्यें ७४ वर आलीं. २०१३ च्या आदेशानें आवश्यक औषधांची सबंध राष्ट्रीय यादीच नियंत्रणाखालीं आणली, पण त्याबरोबर पद्धति बदलली. पूर्वीं उत्पादनाचा खर्च पाहून किंमत ठरे. नव्या पद्धतींत, बाजाराचा निदान एक टक्का हिस्सा ज्यांच्याकडे आहे अशा सर्व छापांच्या दरांची सरासरी काढावयाची, तींत किरकोळ विक्रेत्याचा सोळा टक्के नफा मिळवावयाचा, आणि ती कमाल किंमत म्हणून जाहीर करावयाची. पुढें घाऊक किंमतींच्या निर्देशांकाप्रमाणें दरवर्षीं फेरफार.

ही रीत सुटसुटीत आहे, पण तींत एक गोष्ट कोणीच विचारीत नाहीं, ती ही कीं, औषध तयार करावयास खर्च किती येतो? ज्या औषधांत पूर्वींच लूट चालू होती त्यांत लुटीची सरासरी निघते. आणि ज्या औषधाचा भाव अनेक वर्षांच्या दडपणानें हाडापर्यंत उतरला होता, त्यांत हाडाची सरासरी निघते. दोन्हींस नांव एकच, रास्त भाव!

या बाबतींत आपले पूर्वज आपल्याहून अधिक सावध होते. कौटिल्यानें देशी मालावर शेंकडा पांच आणि परदेशी मालावर शेंकडा दहा अशी नफ्याची मर्यादा घातली, आणि प्रजेस पीडा होईल असा नफा, तो कितीहि मोठा असो, राजानें टाळावा असें सांगितलें. पण त्याच ग्रंथांत, दूरच्या मालाचा भाव ठरवितांना भांडवल, मालाची निपज, जकात, व्याज, भाडें आणि इतर खर्च हे सर्व हिशेबांत धरावे, असेंहि त्यानें बजावलें आहे. युरोपांत तेराव्या शतकांत थॉमस ॲक्वायनस या धर्मपंडितानें हाच विषय निराळ्या बाजूनें उलगडला. वस्तु हातची गेल्यानें विक्रेत्याचें जें नुकसान होतें तें त्यानें किंमतींत खुशाल धरावें. परंतु गिऱ्हाइकाची निकड ही विक्रेत्याच्या मालकीची नव्हे, म्हणून ती त्यानें विकतां कामा नये, असा त्याचा आशय आहे. औषधाच्या भावाविषयीं याहून नेमका नियम मला अद्याप आढळलेला नाहीं. स्टेंटच्या किंमतींत माझी निकड मलाच विकली गेली. तो अन्याय होता. पेनिसिलिनच्या किंमतींत विक्रेत्याचा खर्चच नाकारला गेला असेल, तर तोहि अन्यायच म्हटला पाहिजे, मग तो गरिबाच्या नांवानें झालेला कां असेना.

येथें कारखानदारांचे वकील म्हणतील, “तर मग नियंत्रण उठवा, स्पर्धा भाव आपोआप उतरवील.” स्पर्धेचा प्रताप मी नाकारीत नाहीं. १९७० च्या पेटंट कायद्यानें औषध या वस्तूवरचें पेटंट काढून तें केवळ बनविण्याच्या कृतीपुरतें ठेवलें. त्यामुळें येथील कारखानदारांनीं परकीय औषधें निराळ्या कृतींनीं बनविण्याची विद्या कमावली. २००१ सालीं, पाश्चात्त्य देशांत एड्सच्या उपचारांस वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असतां, मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तेच तिहेरी औषध एका सेवाभावी वैद्यकीय संस्थेस ३५० डॉलरांत देऊं केलें. नियंत्रणाच्या अमलाखालीं वाढलेल्या उद्योगाचें हें कर्तृत्व आहे. तेव्हां नियंत्रणानें उद्योग मरतो हें विधान इतक्या सरधोपटपणें खरें नव्हे. परंतु स्पर्धा कोणासाठीं, हेंहि पाहिलें पाहिजे. औषधाच्या बाजारांत विक्रेते स्पर्धा करतात ती बहुधा रोग्याच्या पैशासाठीं नव्हे, तर डॉक्टरांच्या लेखणीसाठीं आणि रुग्णालयाच्या पसंतीसाठीं. ज्याला अधिक नफा सुटतो तोच जर माल निवडणार, तर स्पर्धेनें भाव उतरण्याऐवजीं चढतो. स्टेंट बनविणारे अनेक होते. तरी भाव उतरावयास हुकूमच लागला. म्हणून नियंत्रण नको असें मी म्हणत नाहीं. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, नियंत्रण करणारा अर्ध्या वाटेंत थांबतो.

तो कसा? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें सोपें असतें. सरकार भाव ठरवितें तेव्हां दानाचें पुण्य सरकारास आणि त्याचा खर्च दुसऱ्यास. नफा भरपूर होता तेथें तो सोसला जातो, आणि सोसलाहि पाहिजे. पण नफाच उरला नाहीं तेथें हलवाई दुकान बंद करतो. यादींतलें औषध बंद करावयाचें तर सहा महिने आधीं सूचना द्यावी, आणि सरकारनें सांगितल्यास आणखी कांहीं काळ, फार तर एक वर्ष, उत्पादन चालू ठेवावें, असें २०१३ च्या आदेशांत आहे. स्टेंटचे भाव उतरल्यावर कांहीं परकीय कंपन्यांनीं आपले कांहीं प्रकार परत नेण्याची परवानगी मागितली, तेव्हां हें कलम उपयोगीं पडलें. पण मनुष्यास तोट्याचा धंदा कायम करावयास लावील असें कलम कोणत्याच कायद्यांत लिहितां येत नाहीं. अखेर डिसेंबर २०१९ मध्यें प्राधिकरणासच एकवीस औषधप्रकारांच्या कमाल किंमती पन्नास टक्क्यांनीं वाढवाव्या लागल्या. बी.सी.जी. लस, हिंवतापावरचें क्लोरोक्विन, कुष्ठरोगावरचें डॅप्सोन, बेंझिल पेनिसिलिन अशीं गरिबांच्या रोगांचीं औषधें त्यांत होतीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें पुन्हां आठ औषधांच्या अकरा प्रकारांवर तीच पाळी आली. त्यांतहि बेंझिल पेनिसिलिन होतेंच.

पेनिसिलिनच्या टंचाईस केवळ भावच कारण झाला असें म्हणणें अन्यायाचें होईल. चीनमधून येणाऱ्या स्वस्त कच्च्या मालापुढें येथील कारखान्यांना टिकाव धरतां आला नाहीं, आणि सारी भिस्त परदेशांतील मोजक्या कारखान्यांवर राहिली. पण मग भाव ठरविणाऱ्यानें या गोष्टीची चिंता करावयास नको होती काय? सरकारनें २०१३ मध्यें भावाचा आदेश काढला, आणि डिसेंबर २०१६ मध्यें, आई ज्याला हात जोडीत असे तो पिंपरीचा कारखाना विकण्याचा निर्णय घेतला. २०२० मध्यें कच्चीं औषधें येथेंच व्हावीं म्हणून प्रोत्साहनाची योजना निघाली, तेव्हां पेनिसिलिनचें नांव तींत घालावें लागलें. या तिन्ही गोष्टी एकाच सरकारी व्यवस्थेनें केल्या, पण त्या एकाच मनानें केल्या असें म्हणवत नाहीं.

माझें प्रतिपादन असें आहे कीं, किंमत ठरविण्याचा अधिकार आणि पुरवठ्याचें उत्तरदायित्व हीं एकमेकांपासून वेगळीं काढतां येत नाहींत. ज्यानें भाव सांगितला त्यानें ‘या भावांत मिळेल’ असें वचन दिलें. तें पाळावयाचें तर जेथें नफा फुगलेला आहे तेथें हुकूम पुरे; जेथें नफा नाहीं तेथें सरकारनें खर्चाचा प्रामाणिक हिशेब करून माल स्वतः विकत घ्यावा, आणि तोटा सर्वांनीं मिळून सोसावा. ही कांहीं स्वप्नांतील गोष्ट नव्हे. तामिळनाडूंत १९९४ सालीं स्थापन झालेलें सरकारी महामंडळ सरकारी रुग्णालयांसाठीं एकत्र औषधखरेदी करतें. राजस्थाननें २०११ पासून सरकारी दवाखान्यांत औषधें मोफत देण्यास आरंभ केला.

‘सर्वांनीं मिळून’ या शब्दांचा अर्थ कर असा आहे, आणि कर म्हणजे तुम्ही व मी. या ठिकाणीं आपला सुशिक्षित वर्ग किंचित् अडखळतो. औषधें स्वस्त व्हावींत हें आपल्यास मनापासून वाटतें, पण त्यासाठीं आपल्या खिशास झळ न लागेल असा हुकूम आपल्यास अधिक आवडतो. स्टेंटच्या किंमतींविरुद्ध वर्तमानपत्रांतून लिहिणारे आणि न्यायालयांत जाणारे आपल्यासारखेच होते. त्यांनीं योग्य तेंच केलें. पेनिसिलिनच्या कुपीसाठीं तसा आवाज उठलेला मीं ऐकला नाहीं. कारण ज्यांना ती हवी होती त्यांना लिहितां येत नव्हतें, आणि ज्यांना लिहितां येत होतें त्यांना ती नको होती. मीहि १९८४ सालीं त्या कुपीवर जगलेल्या घरांतला. तरी मावशी रिकाम्या हातानें परत येईपर्यंत मला तिची आठवण झाली नव्हती.

त्या मुलास इंजेक्शन मिळालें. माझा एक जुना विद्यार्थी परगांवीं डॉक्टर आहे, त्यानें चार कुप्या मिळवून धाडल्या. त्या संपल्यावर दोन वेळां खाडा पडला. त्या खाड्यांनीं त्याच्या हृदयाचें नुकसान किती झालें हें डॉक्टरहि निश्चित सांगूं शकत नाहींत. मुलगा मोठा झाला आहे, जिना चढतांना धापा टाकतो, आणि माझी गांठ पडली कीं अदबीनें नमस्कार करतो. तो नमस्कार घेतांना मला संकोच वाटतो. कारण ज्यांच्या आजी कोणा प्राध्यापकाकडे कामास जात नव्हत्या, अशीं मुलेंहि त्या पावसाळ्यांत होतींच.