वेगळ्या चुलीचा संसार

10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हती. सगळे घडून गेल्यावर त्यांना कळले. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरांत हा दिवस अभिमानाने सांगितला जातो, आणि तो अभिमान योग्यच आहे. एका चित्पावन कवीने जात, आप्त, लौकिक सारे पणाला लावून आपल्या मनाचा कौल मानला. पण संसाराच्या बाजूने पाहिले तर त्या दिवशी एका माणसाने देवावर भरवसा टाकला आणि त्याच पावलाने बायकोचा भरवसा मोडला. यातल्या पहिल्या गोष्टीच्या तेजात दुसरी झाकून टाकू नये, असे मला ठामपणे वाटते.

दुसरी गोष्ट केवढी होती ते लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको. पदरात लहानगा दत्तू, नवरा असून नसल्यासारखा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरा, आणि पंढरपुरात बहिणीच्या आधाराने काढलेले दिवस. टिळक आधीपासूनच लहरी, तापट, न सांगता उठून जाणारे. म्हणजे विश्वासाला तडे होतेच. बाप्तिस्म्याने तो दुभंगला. धर्म बदलला याच्याइतकेच, आपल्याला न विचारता बदलला हेही त्या बाईच्या जिवाला लागले असणार.

पुढे जे घडले त्यासाठी मला हे जोडपे फार मोलाचे वाटते. टिळकांपुढे कायद्याची एक मोकळी वाट होती. 1866 साली सरकारने खास नवख्रिस्ती लोकांसाठी कायदा केला होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने नांदायला नकार दिला तर कोर्टात जाता येई. कोर्ट वर्षाची मुदत देई. तरीही नकार टिकला तर लग्न मोडून दुसरे करता येई. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने अशाच मिश्र घरांविषयी लिहिले आहे: विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला तयार असेल तर त्याला सोडू नये, आणि तो जात असेल तर त्याला बांधून ठेवू नये. माणसाला मोकळे ठेवून त्याच्याशी एकनिष्ठ राहायचे, ही ख्रिस्ती विवाहाची सर्वांत अवघड अट आहे.

लक्ष्मीबाई परत आल्या त्या स्वतःच्या अटींवर. नगरला आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवऱ्याजवळ राहायचे, पण त्याच्या हातचे खायचे नाही. टिळकांनी तेही चालवून घेतले. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हे लक्ष्मीबाईंना पुढे पटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि मग 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे हीच विश्वासाच्या डागडुजीची मुदत. टिळकांनी चौथ्या वर्षी धीर सोडला असता, किंवा येताक्षणी एका पंगतीला बसण्याची सक्ती केली असती, तर शरीराने बायको घरात आली असती आणि मनाने पंढरपुरातच राहिली असती. टिळक 1919 साली गेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या श्रद्धेने एकेकाळी त्यांचे घर मोडले, तिच्यावरच त्यांनी उतारवयात ओव्या रचल्या.

विश्वासाच्या डागडुजीला अशी वर्षे लागतात, तरी आमच्या मंडळ्यांत एक घोटाळा सर्रास होतो. क्षमा आणि विश्वास एकच समजले जातात. नवऱ्याने फसवले, माफी मागितली, पाळकांनी प्रार्थना केली की बायकोने त्याच संध्याकाळी पूर्वीसारखे वागावे अशी अपेक्षा असते. वागली नाही तर तिची श्रद्धा कमी पडली! शास्त्र असे सांगत नाही. पेत्राने येशूला तीनदा नाकारले. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवराकाठी येशूने त्याला झिडकारले नाही, पण 'झाले गेले विसरू' म्हणून विषय मिटवलाही नाही. आपल्यावर प्रेम आहे का, हे त्याला तीनदा विचारले. तिसऱ्यांदा पेत्र दुःखी झाला. ते दुःख येशूने टाळू दिले नाही, आणि दर खेपेला त्याच्यावर मेंढरांची जबाबदारी टाकली. क्षमा एकटा माणूस एका क्षणात करू शकतो. विश्वासाला दोघे लागतात, आणि ज्याने तो मोडला त्याने प्रश्नांना सामोरे जाण्याची तयारी ठेवावी लागते, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

क्षमा आणि विश्वास यांतला फरक न ओळखण्याची किंमत बहुतेक वेळा बायकांनी मोजली आहे, आणि कायद्यानेही त्यांना साथ दिली नाही. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरेसे होते. पत्नीला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे. जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या विषमतेवर बोट ठेवले आणि 2001 मध्ये संसदेने कायदा सुधारला. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कायद्याच्या लेखी नवऱ्याचा विश्वास महाग होता आणि बायकोचा स्वस्त. कायदा बदलला, व्यासपीठावरचे उपदेश मात्र अजून पुरते बदललेले नाहीत.

आज प्रेमात पडलेली तरुण मुलेमुली एकमेकांच्या मोबाइलचा पासवर्ड मागतात आणि तो दिला म्हणजे विश्वास सिद्ध झाला असे धरतात. मला त्यांची चिंता समजते. पण सगळे तपासून झाल्यावर जे उरते ती खात्री असते, आणि खात्री असेल तिथे भरवशाला कामच उरत नाही. दुसरीकडे काही भाविक मुली म्हणतात, देवाने जुळवले आहे, मग शंका कशाला? देवावरची श्रद्धा ही होणाऱ्या नवऱ्याच्या चारित्र्याची हमी नव्हे. टिळकांची देवावरची श्रद्धा खरी होती. तरी बायकोचा विश्वास त्यांना पाच वर्षे खपून मिळवावा लागला.

म्हणून पाळकांना आणि फादरांना माझी विनंती आहे. लग्नाच्या तयारीच्या वर्गांत टिळक दांपत्याची ही पाच वर्षे शिकवा, आणि वेगळ्या चुलीसकट शिकवा. मोडलेला विश्वास घेऊन एखादी बाई तुमच्या दाराशी आली, तर क्षमेचे वचन काढण्याआधी तिचे ऐकून घ्या, आणि तिच्या नवऱ्यालाही बोलावून समोर बसवा. प्रश्न त्याला विचारायचे आहेत.