बिनपगारी माणसाला हुकूम कुणी द्यायचा?

पगार असला की निर्णयाचा प्रश्न निम्मा सुटलेला असतो. वरच्याचं पटो न पटो, महिनाअखेर आठवते आणि माणूस कामाला लागतो. पण जिथं कुणालाच पगार नाही, तिथं बहुमतानं ठरलेलं तरी कुणी का ऐकावं?

डेबियनचं उदाहरण घ्या. संगणक चालवणारी ही प्रणाली इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केली. जगभरचे स्वयंसेवक ती घडवतात आणि कुणालाही ती फुकट घेता, बदलता, वाटता येते. १९९८ मध्ये या मंडळींनी स्वतःची घटना मान्य केली. प्रमुख दर वर्षी निवडायचा, मत देताना पसंतीचा क्रम लावायचा, आणि उभे असलेले सगळेच नापसंत असतील तर तसंही सांगता येतं. मला मात्र त्यातलं दुसरंच कलम मोलाचं वाटतं. नेमून दिलेलं काम करायची सक्ती कुणावर नाही. पण रीतसर झालेल्या निर्णयाच्या आड कुणी यायचं नाही.

काम न करणं वेगळं आणि मोडता घालणं वेगळं. आपल्या मंडळांतून हा फरक कुठं केला जातो? ‘मला जमणार नाही’ असं सरळ सांगणारी बाई विरोधक ठरते, आणि हो हो म्हणत काम रखडवणारी आपली!

२०१४ मध्ये डेबियनची कसोटी लागली. संगणक सुरू होताना सगळ्यांत आधी जागा होऊन बाकीच्यांना उठवणारा प्रोग्राम कुठला असावा, यावर वाद पेटला. तांत्रिक समितीत चार-चार मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टिमडी ठरलं. वाद काही मिटला नाही. नोव्हेंबरात सभासदांनी मतदान केलं, तर निवडून आलं काय? या विषयावर ठरावाची गरजच नाही! ज्यांना हे मानवलं नाही त्यांतल्या काहींनी त्याच सामग्रीतून डेव्हुआन नावाची वेगळी प्रणाली उभी केली.

कुणी म्हणेल, घर फुटलं. पण वाटणीत घर अर्धं होतं, इथं तसं होत नाही. जाणारा सगळं घेऊन जातो, तरी राहणाऱ्याकडे सगळं उरतं. कमी होतात ते हात. आणि हात तर आधीच थोडे. म्हणून बहुमतालाही जपून वागावं लागतं.

पण हे दार सगळ्यांना सारखं उघडं नसतं. प्रोग्राम लिहिता येणारा वेगळा होऊ शकतो. नुसती वापरणारी शाळेतली बाई कुठं जाणार? ती सभासद नाही, तिला मत नाही. राबेल त्यानं ठरवावं, हा न्याय मला मान्य आहे. मात्र फुकट दिलं म्हणून घेणाऱ्याचं म्हणणं फुकटचं होत नाही. तिच्यासाठी राबा, असं स्वयंसेवकाला बजावता येणार नाही. पण तिच्यावर परिणाम करणारा निर्णय का घेतला, ते तिला समजेल असं सांगा, एवढं म्हणता येतं. डेबियनमधली चर्चा बहुतेक उघड्यावर चालते, ते याचसाठी बरं. जिथं हुकूम चालत नाही, तिथं कारण द्यावंच लागतं. आणि ज्याला मत नाही त्यालाही ते द्यायला हवं.