श्रद्धेची सही : ऑक्सफर्ड आणि धर्माभ्यासाचा प्रश्न

धर्माचा अभ्यास करायचा तर अभ्यासकाची त्या धर्मावर श्रद्धा असलीच पाहिजे का? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न तत्त्वचर्चेपुरता राहतो. ऑक्सफर्डमध्ये मात्र तो काही शतके प्रवेशाचा, पदवीचा आणि नोकरीचा प्रश्न होता, आणि त्याहीआधी जिवाचा. १६ ऑक्टोबर १५५५ रोजी ह्यू लॅटिमर आणि निकोलस रिडली या दोन प्रॉटेस्टंट बिशपांना शहराच्या तटाबाहेर जिवंत जाळण्यात आले, आणि पुढच्या मार्चमध्ये आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनाही तीच शिक्षा झाली. राणी मेरी कॅथलिक होती आणि ज्या मतांसाठी हे तिघे मेले ती मते तेव्हा पाखंड ठरली होती. तो जागेचा तुकडा आज ब्रॉड स्ट्रीटवर बेलियल कॉलेजसमोर आहे. रस्त्यातच दगडांचा एक क्रूस बसवलेला आहे आणि त्यावरून सायकली जात असतात.

एलिझाबेथच्या काळात पारडे फिरले. त्याच तिघांचे मत राजमान्य झाले आणि आता त्याच्याविरुद्ध असणे गुन्हा ठरले. १५८१ पासून विद्यापीठात नाव नोंदवणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येक विद्यार्थ्याला इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांखाली सही करावी लागे. ही कलमे म्हणजे काही सदाचाराचे सोपे नियम नव्हेत. सतराव्या कलमात ईश्वराने कोणाचा उद्धार आधीच ठरवून ठेवला आहे याची चर्चा आहे. प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाचे खरोखर रक्तमांस होते, हे कॅथलिक मत अठ्ठाविसावे कलम नाकारते. सदतिसावे राजाचा अधिकार सांगते. ज्या प्रश्नांवर मोठमोठ्या धर्मशास्त्र्यांचे आयुष्य खर्ची पडले, त्यांची उत्तरे आपल्याला पटली आहेत असे पोरसवदा मुलाने शाईने लिहून द्यायचे आणि मग अभ्यासाला बसायचे, अशी ही व्यवस्था होती.

तिच्या बाजूने मांडले जाणारे म्हणणे पोकळ नव्हते. ऑक्सफर्ड मुख्यतः धर्मोपदेशक घडवणारी संस्था होती, आणि तिथले ज्ञान उपासनेपासून वेगळे मानलेच जात नव्हते. विद्यापीठाचे ब्रीदही ईश्वराला आपला प्रकाश मानणारे एक स्तोत्रवचन आहे. आपल्याकडेही अधिकारी शिष्य ही कल्पना आहेच. श्रद्धा आणि शुद्ध वृत्ती नसेल त्याला विद्या देऊ नये, असे आपल्या परंपरेतही सांगितले आहे. धर्म बाहेरून कळत नाही, तो आचरणातून उलगडतो, हा त्यामागचा विचार आजही सहज झटकून टाकता येत नाही.

पण अधिकार आणि सही यांत फरक आहे. अधिकार साधनेने येतो आणि गुरू तो पारखून घेतो. सही एका दिवसात होते आणि मनात काय आहे ते कोणी पाहत नाही. म्हणून ही अट प्रामाणिक माणसालाच अडवत असे. ज्याला काहीच वाटत नाही तो सही करून आत जाई. ज्याला आपल्या शब्दाची चाड आहे तो दाराबाहेर राही. १८११ मध्ये पर्सी शेली या विद्यार्थी-कवीला नास्तिक्यावरच्या छोट्या पुस्तिकेपायी युनिव्हर्सिटी कॉलेजने काढून टाकले. पुस्तिका आपली आहे की नाही, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही. सेंट मेरी चर्चचे जॉन हेन्री न्यूमन तर श्रद्धावानांतले श्रद्धावान. त्यांनी १८४१ मध्ये ही कलमे कॅथलिक अर्थानेही वाचता येतात असे दाखवायचा प्रयत्न केला. त्यावर एवढे वादळ उठले की १८४५ मध्ये ते कॅथलिक पंथातच गेले. सहीने एकमत निर्माण होत नाही, मतभेद फक्त शब्दांच्या अर्थात लपतात, हे त्या प्रकरणाने उघडे पाडले.

अट उठली ती टप्प्याटप्प्याने. १८५४ च्या कायद्याने प्रवेशाच्या वेळची आणि बी. ए. पदवीची सही रद्द झाली. एम. ए.ला, म्हणजे विद्यापीठाच्या कारभारात मत देण्याच्या अधिकाराला, ती कायम राहिली. १८७१ च्या कायद्याने एम. ए. आणि बहुतेक अध्यापकपदे सर्वांना खुली झाली, तरी धर्मशास्त्राच्या पदव्या त्यातून वगळल्याच होत्या. मधल्या काळात सही न केलेला विद्यार्थी शिकू शके, पण त्याचे म्हणणे मोजले जात नसे. याचा परिणाम एका निवडणुकीत स्पष्ट दिसतो आणि तिचा संबंध थेट भारताशी आहे.

लेफ्टनंट कर्नल जोसेफ बोडेन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतले अधिकारी. त्यांनी आपली संपत्ती ऑक्सफर्डला संस्कृतच्या अध्यासनासाठी ठेवली आणि हेतूही लिहून ठेवला : बायबलचे संस्कृतात भाषांतर होऊन भारतीयांच्या धर्मांतराला मदत व्हावी. १८६० मध्ये ही जागा रिकामी झाली तेव्हा दोन उमेदवार होते. माक्स म्यूलर ऋग्वेदाचे संपादक होते, युरोपभर त्यांचे नाव होते. पण ते जर्मन होते आणि त्यांची धर्ममते उदार समजली जात. मोनियर विल्यम्स यांनी अध्यासनाचा धर्मप्रसाराचा हेतू आपला मानला होता. निवड एम. ए. पदवीधरांच्या मतांनी व्हायची होती आणि त्यांत गावोगावचे पाद्री मोठ्या संख्येने होते. विल्यम्स यांना ८३३ मते पडली, म्यूलर यांना ६१०. मत देणारा प्रत्येक जण ३९ कलमांखाली सही केलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे निकालाचे आश्चर्य वाटत नाही. संस्कृतचे अध्यासन कोणाकडे जावे हे संस्कृतच्या जाणकारांनी ठरवले नाही. विल्यम्स यांचा कोश आजही प्रत्येक संस्कृत अभ्यासकाच्या हाताशी असतो. ते विद्वान होते यात शंका नाही. निवडीची कसोटी मात्र विद्येची नव्हती.

म्यूलर ऑक्सफर्डमध्येच राहिले. १८६८ मध्ये त्यांना तौलनिक भाषाशास्त्राचे अध्यासन मिळाले आणि १८७० मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी धर्मांचेही शास्त्र असू शकते असे मांडले. जसा एकच भाषा जाणणारा भाषेचे स्वरूप सांगू शकत नाही, तसा एकच धर्म जाणणारा धर्माचे स्वरूप सांगू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांच्या संपादनाखाली १८७९ पासून पौर्वात्य धर्मग्रंथांची ५० खंडांची माला निघाली. तिच्यातला आठवा खंड, म्हणजे भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद, मुंबईच्या काशिनाथ त्रिंबक तेलंगांचा आहे आणि तो १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. या मालेत बायबलचा खंड मात्र नाही. इतरांचे ग्रंथ अभ्यासाच्या टेबलावर आणि आपला ग्रंथ देव्हाऱ्यात, ही विभागणी तौलनिक अभ्यासाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आली. श्रद्धेची अट कागदावरून गेली, पण तुलनेच्या मापात शिल्लक राहिली.

ते माप स्वतःवर लावले जाताना कसे वाटते, हे पंडिता रमाबाईंनी अनुभवले. १८८३ मध्ये त्या ऑक्सफर्डपासून जवळच असलेल्या वाँटेज गावी अँग्लिकन भगिनींच्या मठात आल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा स्वीकारली तरी विचार करण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रयीच्या सिद्धान्ताबद्दल त्यांनी मठातल्या आपल्या मार्गदर्शक भगिनींना पत्रांतून अडचणीचे प्रश्न विचारले आणि चर्चच्या अधिकाऱ्यांचा शब्द केवळ त्यांचा आहे म्हणून मानायचे नाकारले. श्रद्धावान माणूस चिकित्सा करू शकत नाही, हा समज खोडून काढायला रमाबाईंचा पत्रव्यवहार पुरेसा आहे.

ज्यांना सहीमुळे ऑक्सफर्डने शतकानुशतके बाहेर ठेवले ते भिन्नमतवादी ख्रिस्ती पंथ १८७१ नंतर आपापल्या संस्था घेऊन तिथे आले. त्यांत मँचेस्टर कॉलेज या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. १७८६ मध्ये मँचेस्टर शहरात निघालेली, सत्य, स्वातंत्र्य आणि धर्म यांना वाहिलेली ही संस्था यॉर्क, पुन्हा मँचेस्टर आणि लंडन असा प्रवास करत १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोचली. १८९३ मध्ये मॅन्सफील्ड रस्त्यावर तिची इमारत उघडली. तिच्यामागे मुख्यतः युनिटेरियन होते, म्हणजे त्रयीचा सिद्धान्त न मानणारे एकेश्वरवादी. असे असूनही युनिटेरियन मताची सही त्यांनी कोणाकडून घेतली नाही. धर्मशास्त्र शिकवायचे, पण शिकवणाऱ्याने वा शिकणाऱ्याने अमुक मत मानलेच पाहिजे असा आग्रह धरायचा नाही, हे त्यांचे मूळ तत्त्व होते. अन्याय सोसलेल्या पंथाने सत्ता हाती येताच तोच अन्याय दुसऱ्यावर करायचा, हा धर्मेतिहासातला नेहमीचा क्रम इथे मोडला गेला. त्याचे मोल फार मोठे आहे. कॉलेजला विद्यापीठात औपचारिक स्थान नव्हते, तरी त्याचे प्रार्थनामंदिर उभे राहिले आणि त्याच्या खिडक्यांत चित्रकार बर्न-जोन्स यांच्या रेखाटनांवरून सृष्टीच्या सहा दिवसांची रंगीत काचचित्रे बसली.

या कॉलेजात ब्राह्म आणि प्रार्थना समाजातल्या तरुणांसाठी शिष्यवृत्ती होती. १८९८ मध्ये बिपिनचंद्र पाल तिथे गेले आणि १९०१ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे. शिंदे जमखिंडीचे. वडील वारकरी. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर वकिलीची वाट सोडून ते प्रार्थना समाजाकडे वळले होते. म्यूलर आदल्याच वर्षी वारले होते, पण तौलनिक धर्माचा अभ्यास मँचेस्टर कॉलेजात जोसेफ एस्टलिन कार्पेंटर यांच्या हाताखाली चालू होता. कार्पेंटर युनिटेरियन धर्मोपदेशक, आणि त्याच वेळी पाली बौद्ध ग्रंथांचे संपादक. स्वतःचा धर्म सोडायचा नाही आणि दुसऱ्याचा धर्म हलका लेखायचा नाही, ही दुहेरी शिस्त शिंद्यांना शिक्षकाच्या रूपात समोर पाहायला मिळाली.

शिंदे तिथे दोन वर्षे होते. पुस्तकांबरोबर त्यांनी इंग्लंडमधली प्रार्थनामंदिरे आणि गरीब वस्त्यांत चालणारे धर्मकार्य पाहिले, आणि त्याबद्दल प्रार्थना समाजाच्या 'सुबोध पत्रिके'साठी पत्रे लिहिली. सप्टेंबर १९०३ मध्ये अॅम्स्टरडॅमला भरलेल्या उदार धर्ममतवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि मग मायदेशी परतून प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी अस्पृश्यवर्गासाठी 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' काढले. हे काम ऑक्सफर्डमुळे झाले असे म्हणणे चूक ठरेल. जमखिंडीच्या घरातली वारकरी भक्ती आणि जातीची झळ ही त्याची मुळे आहेत. पण अनेक धर्म शेजारी मांडून पाहिल्यावर श्रद्धा पातळ होते, या भीतीला शिंद्यांचे आयुष्य हे सरळ उत्तर आहे. त्यांच्या श्रद्धेची धार वाढली आणि ती धर्माच्या नावाने बाहेर ठेवलेल्या माणसांकडे वळली. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' या ग्रंथात त्यांनी आपल्याच समाजाच्या रूढीचा इतिहास त्याच अलिप्त चिकित्सेने तपासला, जी ते परक्या धर्मांवर लावायला शिकले होते.

तत्त्वाच्या दृष्टीने पाहिले तर इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. श्रद्धा नसलेल्याला धर्म आतून कळत नाही, हे म्हणणे अनुभवापुरते खरे आहे. पंढरीची वाट चाललेल्याला जे कळते ते वाचून कळत नाही. पण एखाद्या मताचा इतिहास, त्यातली तर्कसंगती, त्याचे समाजावरचे परिणाम यांना श्रद्धेची साक्ष लागत नाही. त्यांचे पुरावे सर्वांसाठी सारखे असतात आणि श्रद्धावानालाही मान्य करावे लागतात. उलट, श्रद्धा बाजूला ठेवणारा अभ्यासक आपोआप निःपक्ष होतो हेही खरे नाही. त्याच्याही मनात एखादे माप असते, फक्त ते लिहून ठेवलेले नसते. बोडेनचा हेतू निदान कागदावर होता; म्हणून १८८२ च्या सुधारणांत तो काढून टाकता आला. न लिहिलेले माप काढायला कायदा उपयोगी पडत नाही. त्याला ज्याचा धर्म अभ्यासला जातो तो माणूस वर्गात, आणि पुढे अध्यापकाच्या जागेवर, असावा लागतो.

तसे घडायला वेळ लागला. १९२६ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी मँचेस्टर कॉलेजातच हिंदू जीवनदृष्टीवर व्याख्याने दिली. दहा वर्षांनी पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्राच्या स्पॉल्डिंग अध्यासनावर पहिली नेमणूक त्यांचीच झाली. १९७६ पासून बिमल कृष्ण मतिलाल त्याच जागेवर होते आणि त्यांनी भारतीय न्यायदर्शन आधुनिक तत्त्वज्ञांशी बरोबरीच्या भाषेत बोलते केले. इस्लाम, हिंदू आणि बौद्ध परंपरांसाठी गेल्या काही दशकांत स्वतंत्र अभ्यासकेंद्रेही निघाली. ज्या विद्यापीठाने मँचेस्टर कॉलेजला वर्षानुवर्षे बाहेर ठेवले त्याने १९९६ मध्ये 'हॅरिस मँचेस्टर' या नावाने त्याला पूर्ण कॉलेज म्हणून सामावून घेतले. आज तिथे एकवीस वर्षांवरील विद्यार्थ्यांनाच प्रवेश मिळतो, आणि प्रवेशासाठी कोणालाही श्रद्धेची अट नाही.