असाध्य कोणी ठरवावे?

काशिराज दिवोदास धन्वंतरी याने सुश्रुतादी शिष्यांना शल्यविद्या सांगितली, अशी सुश्रुतसंहितेची मांडणी आहे. आयुर्वेदाने व्याधींचे साध्य, याप्य आणि असाध्य असे भेद केले, आणि असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याच्या धनाची व कीर्तीची हानी होते, असा इशारा चरकसंहितेने दिला. या इशाऱ्यात व्यवहारज्ञान आहे. परंतु एक नैतिक अडचणही आहे. असाध्य म्हणून सोडलेला रुग्ण दगावला, की निदान खरे ठरले असेच मानले जाते. उपचार केले असते तर काय घडले असते, हा प्रश्न त्याच्याबरोबरच विझतो.

आज हा निवाडा अरिष्टलक्षणांवरून होत नाही. मेंदूच्या धमनीत गुठळी अडकून अर्धांगवायू झालेला रुग्ण रुग्णालयात आला, मग ते वाराणसीतले असो वा मुंबईतले, की प्रथम त्याच्या मेंदूचे सी. टी. चित्र काढतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲस्पेक्ट्स' या मापनपद्धतीत मधल्या धमनीच्या क्षेत्राचे १० भाग कल्पून बाधित भागागणिक एकेक गुण वजा केला जातो. धमनीत नळी घालून गुठळी काढण्याचा उपचार रूढ झाला, तेव्हा ६ पेक्षा कमी गुणांचे रुग्ण बहुधा त्यातून वगळले जात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधील चाचणीत ३ ते ५ गुणांच्या रुग्णांवर तोच उपचार करण्यात आला. ९० दिवसांनंतर दुसऱ्याच्या आधाराविना चालू शकणारे रुग्ण त्या गटात ३१ टक्के, तर केवळ औषधांवर ठेवलेल्या गटात सुमारे १३ टक्के आढळले. मेंदूतील रक्तस्राव मात्र उपचार झालेल्या गटात अधिक होता.

म्हणजे वगळलेल्यांपैकी काही जण उठून चालले असते. चित्र खोटे नव्हते. त्याने मेंदूची हानी दाखविली होती. ती हानी म्हणजेच रुग्णाचे भवितव्य, ही भर माणसांनी घातली. शिवाय 'बरे होणे' मोजणारी रँकिनची श्रेणी मुख्यतः चालणे आणि स्वावलंबन पाहते. एकाला चालता येऊनही नातवाचे नाव आठवत नाही, दुसरा खाटेवरूनच घरच्यांशी बोलतो; या दोघांत अधिक बरा कोण, याचे उत्तर त्या श्रेणीजवळ नाही.

काशीत मरण अमंगल मानीत नाहीत. १९५८ साली तेथे सुरू झालेल्या काशीलाभ मुक्तिभवनात माणसे अखेरचे दिवस काढण्यासाठीच येत आली आहेत. परंतु स्वतः स्वीकारलेले मरण आणि गुणसंख्येने वाट्यास घातलेले मरण यांत अंतर आहे. साधने अपुरी असतील तेथे निवड करावीच लागेल, आणि मापनावाचून ती अधिकच मनमानी होईल. तथापि निवड करणाऱ्याने 'चित्रच तसे होते' असे म्हणून बाजूला होऊ नये. रुग्णाच्या आप्तांना चित्र दाखवावे, शक्यता व धोका दोन्ही सांगावेत, आणि निर्णय आपला आहे हेही सांगावे.