मामाच्या घरचं पोर

आई-बाप गेलेलं लेकरू आपल्याकडे सहसा आश्रमात जात नाही, आजोळी जातं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या नेरडीगोंड्याच्या या सीमापट्ट्यात तर लेकी किनवटकडे द्यायच्या आणि तिकडच्या सुना आणायच्या, हे जुनंच आहे. 1956पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. राज्यं दोन झाली, सोयरिकी तुटल्या नाहीत. म्हणून तिकडे लेक-जावई गेले की नातवंडं इकडे येतात. कुठला कागद होत नाही, आजी त्यांचं ताट वाढू लागते.

हे पोर नीट पाहा. तिसरी भाकरी पुढे आली की ते म्हणतं, पोट भरलं. मामाची मुलं झोपलेली असताना उठून पाणी भरतं. वहीचं शेवटचं पान संपलं तरी दोन दिवस सांगत नाही. शेजारीण कौतुकानं म्हणते, ‘किती समजूतदार लेकरू!’ मला हा शब्द ऐकवत नाही. नऊ वर्षांच्या मुलाचा समजूतदारपणा बहुतेक वेळा भीतीच असते. इथूनही जावं लागलं तर? हट्ट करता येणं ही आपल्या घरची खूण आहे, आणि ती त्यानं गमावलेली असते. त्यात किनवटला मराठीत शिकलेलं मूल इथे तेलुगू शाळेत बसलं, की अक्षरं न कळल्यामुळे ‘मंद’ ठरायला वेळ लागत नाही.

2015च्या बालन्याय कायद्यात प्रतिपालकत्वाची सोय आहे. बाल कल्याण समिती मूल एखाद्या कुटुंबाकडे सोपवते. पण नातेवाइकांकडे आधीच राहणाऱ्या अनाथ मुलासाठी वाट आहे ती प्रायोजकत्वाची. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली त्याला महिना 4,000 रुपये मिळू शकतात. अट अशी, की ग्रामीण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 72,000च्या आत हवं. म्हणजे सगळ्या घराला मिळून दिवसाला 200 रुपयेही नाहीत. घरातल्या एकालाच वर्षभर रोजची मजुरी मिळाली तरी मर्यादा मागे पडते. अनाथ मूल सांभाळणाऱ्या घराला ही अट लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मामानं कर्तव्य केलं, त्याला पैसे कशाला, असं म्हणणारे भेटतात. पण मामीच्या कपाळावरची आठी पुष्कळदा मनातून नाही, रिकाम्या डब्यातून येते. आणि मूल ती आठी वाचतं.

सगळीच घरं प्रेमळ नसतात. बापाच्या जमिनीवर डोळा ठेवून मूल ठेवून घेणारेही असतात. म्हणून पैशाबरोबर कुणीतरी घरी यायला हवं आणि मुलाशी एकट्यानं, त्याच्या भाषेत बोलायला हवं. शिवाय अठरा पूर्ण झाले की हा आधार थांबतो. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना कायद्यानं पुढच्या मदतीची तरतूद केली आहे. आजीच्या घरी वाढलेली मुलगी मात्र त्या कलमात बसत नाही. तिच्या लग्नाची घाई सुरू होते.

गावातल्या गुरुजींना, अंगणवाडीताईंना आणि सरपंचांना विनंती आहे. मामाकडे, आजीकडे राहणारं पोर तुम्हाला ठाऊक असतं. त्याचा प्रायोजकत्वाचा अर्ज आदिलाबादच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षापर्यंत तुम्हीच न्या, आजीला ते जमायचं नाही. आणि पोर अडचणीत दिसलं तर 1098 या बाल मदतवाहिनीला फोन लावा. त्या फोनला पैसे पडत नाहीत.