गाडीचा आस आणि दिलेला शब्द

अमेरिकेत ओहायो राज्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याचा गेल्या उन्हाळ्यात एका रात्री फोन आला. प्रश्न मोटारीचा होता. सायकलची चेन चढवण्यापलीकडे मला यंत्रातले काही कळत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी तो म्हणाला, "मामा, मेकॅनिकला विचारून झालं. तुम्हांला विचारायचं ते वेगळंच आहे."

दोन वर्षांपूर्वी त्याने शेजारच्या एका वृद्ध बाईंकडून १९५१ सालची शेव्हरोले पिकअप गाडी विकत घेतली. बाईंचे यजमान वारले होते. हयातभर त्यांनी त्या गाडीतून गवताचे भारे आणि जनावरांचे खाद्य वाहिले. व्यवहार ठरला तेव्हा बाईंनी किंमत थोडी उतरवली आणि एवढेच म्हटले, "आहे तशी ठेव." भाचा म्हणाला, "ठेवीन."

त्या काळच्या बहुतेक मालवाहू गाड्यांप्रमाणे या गाडीचीही पुढची दोन्ही चाके एकाच अखंड पोलादी आसाच्या टोकांना जोडलेली आहेत, आणि तो आस पाट्यांवर बसवलेला आहे. आपल्या बैलगाडीचाच हा थोरला भाऊ! एक चाक खड्ड्यात गेले की त्याचा हिसका दुसऱ्यालाही बसतो. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. शेताच्या वाटेवर हे सारे चालून गेले. आजच्या हमरस्त्यावर चालेना. एका पावसाळी संध्याकाळी, आठ वर्षांची मुलगी शेजारी बसलेली असताना, भाच्याने ब्रेक दाबला आणि गाडी एका अंगाला ओढ घेत शेजारच्या पट्ट्यात शिरली. तिथे त्या वेळी कोणी नव्हते, एवढेच नशीब.

यावरचा उपाय तिकडच्या शौकिनांत सर्वांना माहीत आहे. १९७४ ते १९७८ या वर्षांत फोर्ड कंपनीने 'मस्टँग टू' नावाची एक लहान मोटार काढली होती. तिची पुढची बांधणी फार आटोपशीर होती. प्रत्येक चाक आपापल्या स्प्रिंगवर स्वतंत्रपणे वरखाली होई, आणि स्टिअरिंग दात्यांच्या पट्टीवर चाले. ती मोटार बंद होऊन जमाना लोटला. पण तिच्या धर्तीवरचे भाग आजही नव्याने घडवले जातात आणि तिच्याहून कितीतरी जुन्या गाड्यांना बसवले जातात. गंमत अशी की, फोर्डची प्रतिस्पर्धी असलेल्या शेव्हरोलेलाही ते चालतात. सोबत डिस्क ब्रेक येतात. मात्र त्यासाठी चासीवरचे पाट्यांचे आधार रिव्हेट कापून काढायचे आणि एक नवी आडवी पोलादी तुळई वेल्डिंगने जोडायची. जुना आस ठेवून त्यालाच डिस्क ब्रेक लावण्याचा मधला मार्गही आहे. पण मग दोन चाकांचा तो जुना संसार तसाच राहतो.

"मामा, इतकं बदलल्यावर गाडी तीच राहते का?"

मला चटकन 'मिलिंदपञ्ह' आठवला. रथात बसून आलेल्या मिलिंद राजाला भिक्खू नागसेन विचारतो: आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू, लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की, या साऱ्या अवयवांच्या आधाराने आपण 'रथ' हे नाव योजतो, इतकेच. मी भाच्याला उत्साहाने सांगितले, "खुशाल बदल. आस म्हणजे गाडी नव्हे."

फोन ठेवला आणि मनाला रुखरुख लागली. नागसेनाने रथ म्हणजे काय ते सांगितले. पण 'रथ आहे तसा ठेवीन' असा शब्द कोणी कोणाला दिला होता काय? गाडी तीच राहते की नाही, हा प्रश्न पंडितांचा. शब्द राहतो की नाही, हा त्या बाईंचा आणि भाच्याचा. मी एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवून मोकळा झालो होतो.

आणि हे मी पहिल्यांदाच केले नव्हते. आमच्या घरी आईची मातीची चूल होती. "मी आहे तोवर ती मोडू नकोस," असे तिने सांगितले होते आणि मी होय म्हटले होते. पुढे धुराने तिचा खोकला वाढला. दिवाळीच्या तोंडावर ती बहिणीकडे गेली असताना मी चूल काढून तिथे कडाप्प्याचा ओटा घातला, गॅस ठेवला. हेतूत खोट नव्हती. आई परत आली, कोपऱ्याकडे पाहिले, म्हणाली, "बरं केलंस." खोकला खरोखर कमी झाला. पण कितीतरी दिवस स्वयंपाकघरात शिरताना तिचा हात त्या कोपऱ्याकडे जाई आणि मागे येई.

माझे चुकले ते चूल काढण्यात नव्हे. ज्याला शब्द दिला, त्यालाच त्यातून आपल्याला मोकळे करता येते. आईने कदाचित एका शब्दात मोकळे केलेही असते. ती संधी मी तिला दिली नाही. तिचे भले मी तिच्या पाठीमागे केले.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हटले, "कापायच्या आधी बाईंकडे जा. त्या पावसाची गोष्ट सांग. रिव्हेट कापावे लागतील, तेही सांग. मधल्या मार्गाचंही सांग."

तो गेला. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मुलीला घेऊन बसायचं असेल तर बदल. पण त्याआधी मला एकदा फिरवून आण." भाच्याने त्यांना शेताच्या वाटेने, हळूहळू, खाद्याच्या दुकानापर्यंत नेऊन आणले. जाताना येताना त्या काही बोलल्या नाहीत. उतरताना त्यांनी दारावर हात टेकला आणि म्हणाल्या, "आता काप."

जुना आस भाच्याच्या गॅरेजात भिंतीशी पडून आहे. त्याचे काय करायचे, हे अजून कोणाला सुचलेले नाही.

मी मात्र दर दिवाळीला, चकल्यांचे तेल तापू लागले की, मनाशी म्हणतो: चूल काढायचीच होती, पण त्या वर्षीचा फराळ तेवढा तिच्यावर होऊ द्यायला हवा होता.