श्रेय आणि पटकथा

पोस्टाचीं तिकिटें जमविणाऱ्या गृहस्थास समाज रसिक म्हणतो. जुनीं नाणीं जमविणाऱ्यास पंडित म्हणावयासही त्याची तयारी असते. पण चित्रपटांच्या पटकथा मिळवून त्या वाचणारा आणि जपून ठेवणारा मनुष्य भेटला, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारला जातो कीं, "चित्रपट पाहिला कीं झालें, मग हीं बाडें कशाला?" प्रश्न सहज विचारलेला असतो आणि तो हंसण्यावारी नेतां येईल. तथापि त्याच्या पोटांत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें. अनेकांच्या हातून घडलेल्या कार्याचें श्रेय कोणास द्यावें, आणि जो आपलें काम दुसऱ्याच्या कामांत विरून जावें म्हणूनच करतो, त्याचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं, हा तो प्रश्न होय.

प्रथम पटकथा म्हणजे काय तें पाहूं. ती नुसती गोष्ट नव्हे आणि नुसते संवादही नव्हेत. प्रसंगामागून प्रसंग क्रमानें मांडलेले. प्रत्येकाच्या आरंभीं स्थळ कोणतें, दिवस कीं रात्र, घरांतलें कीं बाहेरचें, याची नोंद. मग पात्रें काय करतात, काय बोलतात आणि कोठें गप्प राहतात याचें टिपण, असें तिचें स्वरूप असतें. चित्रीकरण बहुधा या क्रमानें होत नाहीं. एका वाड्यांतले प्रसंग एकदम उरकले जातात, मग ते आरंभींचे असोत वा शेवटचे. त्या दिवसांत सारा चित्रपट सलग असा असतो तो केवळ पटकथेच्या पानांवर.

मराठी घरांत नाटकाचें पुस्तक वाचण्याची चाल जुनी आहे. किर्लोस्करांचें 'सौभद्र' किंवा गडकऱ्यांचा 'एकच प्याला' रंगभूमीवर न पाहिलेल्यांनींही वाचलेला असतो, आणि त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. कारण प्रयोग संपला तरी नाटकाची संहिता उरते, आणि उद्यां दुसरी मंडळी तिचा प्रयोग करूं शकतात. पटकथेचा प्रयोग बहुधा एकदांच होतो. म्हणून आक्षेपक म्हणतो कीं, ती इमारतीच्या परांचीसारखी आहे; घर बांधून झालें कीं परांची उतरवावयाची, तिचें प्रदर्शन मांडावयाचें नसतें.

हा आक्षेप अगदींच दुबळा नाहीं. परंतु खिडकी कोठें यावी हें परांचीवरून ठरत नाहीं. पटकथेवरून तें पुष्कळदां ठरतें. दृष्टांतच हवा असेल, तर आमच्या ठाकुर्लींतला द्यावा. जी. आय. पी. रेल्वेनें विजेच्या गाड्यांसाठीं येथें चोळेगांवीं कोळशावर चालणारें वीजगृह उभारलें होतें. आतां तें बंद होऊनही बराच काळ लोटला; पण तें चालूं होतें तेव्हां डब्यांतला उतारू गाडीकडे पाही, घड्याळाकडे पाही आणि उशीर झाला तर त्रागाही करी; ज्या धुराड्यापाशीं त्या गतीचा उगम होता, तें खिडकींतून दिसत असूनही त्याच्याकडे त्याचें लक्ष नसे. पटकथेची स्थिति अशीच आहे. ती टाकाऊ झालेली परांची नव्हे. ती चालत्या गाडींतली न दिसणारी वीज आहे.

'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट आपण व्ही. शांताराम यांचा म्हणून ओळखतों, आणि तें योग्यच आहे. पण तो लिहिला ग. दि. माडगूळकरांनीं. औंध संस्थानानें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें खुल्या तुरुंगाचा जो प्रयोग केला, त्याचा आधार त्या कथेस आहे, आणि माडगूळकर त्याच माणदेशचे. माडगूळकर म्हटलें कीं 'गीतरामायण' आठवणारे पुष्कळ. हा चित्रपट आठवणारे त्या मानानें थोडे. १९७३ सालीं 'जंजीर' प्रदर्शित झाला तेव्हां भित्तिचित्रांवर लेखकांचें नांव नव्हतें. म्हणून सलीम-जावेद यांनीं मुंबईत रंगारी धाडून त्यांवर आपलीं नांवें रंगवून घेतलीं. ही हकीकत ऐकून कोणी अहंकार म्हणतील. फळाची आशा न धरतां काम करावें, असें आपल्यास लहानपणापासून शिकविलेलें असतें. परंतु ती शिकवण कोणास उद्देशून आहे, हें पाहिलें पाहिजे. निष्काम राहणें हा कर्त्याचा धर्म असूं शकेल. त्याचा आधार घेऊन कृतघ्न राहणें हा भोक्त्याचा धर्म होऊं शकत नाहीं.

पटकथा वाचल्यानें दुसरीही एक गोष्ट कळते, ती म्हणजे हेतु आणि फल यांतलें अंतर. 'शोले'च्या मूळ लेखनांत ठाकूर गब्बरसिंगास ठार करतो. १९७५ सालीं सेन्सॉरच्या आग्रहामुळें शेवट बदलावा लागला आणि ऐन वेळीं पोलिसांचें आगमन झालें. सूड योग्य कीं अयोग्य हा वाद बाजूस ठेवूं. पण पडद्यावरील शेवटावरून लेखकांची नीति ठरविणारा मनुष्य चुकीच्या आरोपीस उभें करतो, एवढें खरें. आणि जो चित्रपट झालाच नाहीं त्याचें काय? सत्यजित राय यांनीं १९६७ सालीं 'द एलियन' या नांवाची पटकथा लिहिली. तो चित्रपट कधींच निघाला नाहीं, आणि पटकथा २०१८ सालीं पुस्तकांत छापली गेली. अशा लेखनास वाचक हाच एकमेव प्रेक्षक.

येथें पटकथाप्रेमी माणसासही एक इशारा देणें अवश्य आहे. "मूळ लेखन उत्तम होतें, दिग्दर्शकानें वाटोळें केलें," असें म्हणत फिरणें ही त्याची आवडती खोड असते. त्यानें लक्षांत ठेवावें कीं, त्याच राय यांच्या 'पथेर पांचाली'स (१९५५) रीतसर पुरी पटकथा नव्हती. चित्रें आणि टिपणें यांवरून तें काम झालें. पटकथा हा पुरावा आहे, निकाल नव्हे. आणि श्रेय म्हणजे कांहीं एका भाकरीचे तुकडे नव्हेत, कीं लेखकास दिलें म्हणजे दिग्दर्शकाचें कमी व्हावें.

राहतां राहिला संग्रहाचा प्रश्न. १४ मार्च १९३१ रोजीं प्रदर्शित झालेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उरलेली नाहीं. २००३ सालीं पुण्यास लागलेल्या आगींत जुन्या चित्रपटांचीं अनेक रिळें भस्मसात् झालीं. चित्रगृहाच्या दारांत विकली जाणारी कथासार आणि गाणीं यांची चोपडी पुष्कळदां चित्रपटापेक्षां दीर्घायुषी ठरते. हें ओळखून पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झाल्यापासून चित्रपटांबरोबर असे कागदही जमवीत आलें आहे. पण सारें संस्थांवर सोंपवून भागत नाहीं. ठाकुर्ली-डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरांत आजोबांची ट्रंक किती वर्षें ठेवावी, हा खरा संसारी प्रश्न आहे; आणि त्याचें उत्तर बहुधा रद्दीवाल्याच्या तराजूंत मिळतें. त्याबद्दल कोणास दोष देतां येत नाहीं. मात्र ज्यास जागा आहे आणि आवड आहे, त्यानें तें काम अंगावर घ्यावें.

तें घेणाऱ्यावर दोन बंधनें आहेत. न छापलेलें लेखन लेखकाच्या वा त्याच्या वारसांच्या अनुमतीवांचून चार हातीं फिरवूं नये. ज्याच्या श्रेयासाठीं हा खटाटोप, त्याचा हक्क मोडून तो करणें हा वदतोव्याघात होय. आणि संग्रह कुलपांत घालून बसूं नये. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालत आलें, तें घरांतलें पुस्तक शेजाऱ्याच्याही हातीं जावें या बुद्धीनें. न वाचलेला संग्रह आणि कृपणाचें धन यांत भेद तो किती?

आपल्या भाषेनें 'श्रेय' या एका शब्दांत दोन अर्थ सांठविले आहेत. एक, केलेल्या कामाचा मान. दुसरा, कठोपनिषदांत 'प्रेया'च्या समोर उभें केलेलें खरें कल्याण. चित्रपट पाहणें हें प्रेय आहे आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. पण तें सुख कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत आलें, हें कष्टानें जाणून घेणें या दुसऱ्या वर्गांत येतें; आणि तेथें हे दोन्ही अर्थ एकत्र होतात. म्हणून "हीं बाडें कशाला?" असें विचारण्यापूर्वीं प्रत्येकानें एवढेंच करून पाहावें, कीं आपण पाहिलेल्या शेवटच्या चित्रपटाच्या लेखकाचें नांव आपल्यास सांगतां येतें काय?